वरळीचा बेडूक आणि डोकं नसलेला डायनासॉर

वरळीच्या टेकडीत बेसाल्टच्या थरांमध्ये काळसर गाळाच्या खडकाचा एक पट्टा सापडला होता. साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचा एक लोट येऊन थंड व्हायचा, मग पुढचा येईपर्यंत मध्ये बरीच शांतता असायची. तेवढ्यात पाणी साचायचं, तळी व्हायची, त्यात बेडूक आणि कासवं नांदायची. पुन्हा लोट आला की सगळं खाली गाडलं जायचं. त्या गाळात मिळालेल्या बेडकाच्या सांगाड्यांना इंग्लंडमधले शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये 'राना प्युसिला' म्हणजे 'इवलासा बेडूक' असं नाव दिलं. आज त्याला इंडोबाट्रॅकस म्हणतात. १८४२ मध्ये 'डायनासॉर' हा शब्द घडवला तोही याच ओवेन यांनी. म्हणजे आपल्या वरळीच्या बेडकाचं आणि समस्त डायनासॉरांचं बारसं एकाच माणसाने केलं!

डायनासॉरांची चित्रं आपण लहानपणापासून बघत आलो. वरळीच्या बेडकाचं चित्र मला तरी कुठे दिसलेलं नाही. ते कोणी काढायचं ठरवलंच, तर त्याला काय काय करावं लागेल?

या कामाला पुराजीवांचं चित्रण म्हणतात, आणि ते वाटतं तितकं कल्पनेचं काम नाही. सुरुवात सांगाड्यापासून होते. हाडांवर स्नायू जिथे धरलेले होते तिथे खरबरीत खुणा उरतात. त्या वाचून स्नायू चढवायचे, मग चरबी, मग कातडी. पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत हाड साथ देतं, पुढे ते गप्प होतं. हत्तीचंच बघा. सोंडेत एकही हाड नसतं. हत्ती कधीच नामशेष झाले असते आणि फक्त कवट्या मिळाल्या असत्या, तर नाकाच्या जागचं मोठं भोक पाहून तिथे काहीतरी मांसल होतं हे जाणकारांनी ओळखलं असतं. पण ते किती लांब, हे कोणी सांगावं? लालबागच्या मूर्तिकारांची मोठीच पंचाईत झाली असती.

चुका यातूनच होतात. लंडनजवळच्या सिडनहॅमला १८५४ मध्ये बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने डायनासॉरांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. शास्त्रीय सल्ला ओवेन यांचाच होता. त्यातला इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार इथल्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडेच्या सांगाडे मिळाले आणि कळलं, की ते शिंग नव्हतंच, अंगठा होता! पुतळे मात्र अजून तिथेच आहेत, नाकावर अंगठा मिरवत. मला ते फार आवडतात. हॉकिन्सच्या हातात तेव्हा हाडंच मोजकी होती, आणि तेवढ्यावर त्याने बेधडक काम केलं.

हाड गप्प झालं की चित्रकार जिवंत प्राण्यांकडे जातो. अमेरिकेतला चार्ल्स नाइट हा या क्षेत्रातला मोठा माणूस. त्याची नजर इतकी अधू होती की कॅनव्हासला नाक लावून काम करावं लागे, तरी तो प्राणिसंग्रहालयात जाऊन वाघ-सिंहांची रेखाटनं करत राहिला. मुंबईकराला त्यासाठी राणीची बाग आहे. तिथे पेंग्विनसाठी रांग लावणारा माणूस खरं तर डायनासॉरच बघायला उभा असतो, कारण पक्षी हे डायनासॉरांचेच वंशज. रांगेचा कंटाळा असेल तर खिडकीच्या ग्रिलवरचा कावळा आहेच. तो मान कशी वळवतो, एका पायावर भार कसा टाकतो, हे निरखलं की शेपूट जमिनीवर ओढत चालणारा जुना सुस्त डायनासॉर काढवतच नाही.

रंगाचं काय? पूर्वी याचं उत्तर 'चित्रकाराची मर्जी' एवढंच होतं. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा डायनासॉरच्या अंगावर पिसांसारखे तंतू असल्याचं १९९६ मध्ये जगाला कळलं. त्या तंतूंत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पुड्या टिकून होत्या. त्यांचा आकार आजच्या पक्ष्यांच्या पिसांतल्या पुड्यांशी ताडून पाहिला आणि २०१० मध्ये उत्तर आलं: शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे. पण असं भाग्य फार थोड्या जीवाश्मांचं.

आपल्याकडच्या जीवाश्मांना तर साधं डोकंसुद्धा लाभत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला मिळालेला आयसिसॉरस हा लांब मानेचा डायनासॉर घ्या. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (म्हणजे ISI च्या) संशोधकांनी तो उकरून काढला, म्हणून हे नाव. मणके, बरगड्या, खांद्याची हाडं, पुढचा लांबलचक पाय, हे सगळं आहे. कवटी आणि मागचे पाय नाहीत. मग चित्रकार डोकं उसनं आणतो. मादागास्करमधल्या रापेटोसॉरस या त्याच्या नातेवाइकाची कवटी मिळाली आहे, आणि मादागास्कर एकेकाळी आपल्याला चिकटलेलंच होतं. त्यामुळे आयसिसॉरसच्या चित्रात जे तोंड तुम्हाला रुबाबदार वाटतं, ते भाऊबंदाचं असतं.

डोंगरगावजवळच्याच पिसदुऱ्याने तर जगभरच्या चित्रकारांचा एक नियम मोडला. डायनासॉरच्या चित्रात गवत काढायचं नाही, असा तो नियम. नेचे काढा, सायकस काढा, गवत नको, कारण ते नंतर आलं असं मानलं जाई. पिसदुऱ्याला डायनासॉरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताच्या पानांतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. म्हणजे लांब मानेचे डायनासॉर गवत खात होते. पुढे त्या कणांत भाताच्या आप्तांचाही माग लागला. विदर्भातल्या शेणाने चित्रातलं कुरण हिरवं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता वरळीच्या तळ्याकडे. बेडकाचा सांगाडा आहे. सोबतीला कासव आहे, त्याच थरात मिळालेलं. मागे दूरवर लाव्हा थंड होऊन काळा पडलेला. बेडकाच्या कातडीचा रंग मात्र कुठेच नोंदलेला नाही. म्हणून मी त्या चित्रकाराला जूनमध्ये, पहिला पाऊस झाला की रात्री आरेतल्या डबक्यापाशी टॉर्च घेऊन बसायला सांगेन. तिथले लहान बेडूक बहुतेक चिखलाच्याच रंगाचे असतात; उजेड बाजूला झाला की शोधून सापडत नाहीत. तोच मातकट तपकिरी रंग घ्यावा, पाठीवर एखादी फिकी रेघ ओढावी. काठावर थोडं गवतही काढावं. पिसदुऱ्याची परवानगी आहे.