हिरोशिमाच्या पायरीवरची सावली

सहा ऑगस्ट जवळ आला की तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. दगडी पायऱ्या, त्यांवर काळपट डाग आणि खाली ओळ : 'क्षणात वाफ झालेला माणूस'. दरवर्षी मी कुणाला तरी उत्तर लिहितो. यंदा एकदाच सगळं लिहून टाकतो.

पायऱ्या सुमितोमो बँकेच्या हिरोशिमा शाखेच्या. १९४५ सालच्या त्या सकाळी सव्वाआठला बँक अजून उघडायची होती, कुणीतरी पायरीवर टेकलं होतं. बाँब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याच्या थेट खालच्या जागेपासून बँक २६० मीटरवर. लखलखाटाने आजूबाजूचा दगड भाजून पांढुरका पडला, माणसाच्या आडोशाचा तेवढा गडद राहिला. जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर गडद चौकोन उरतो, तसा.

आणि वाफ? हिशेबच करू. बाँबची ताकद १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी; ऊर्जेच्या एककात सुमारे ६३ लाख कोटी जूल. त्यातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडली, म्हणजे २१ लाख कोटी. पायथागोरस लावला की पायरी स्फोटापासून ६५० मीटरवर येते. एवढ्या त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ५३ लाख चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरला ४० लाख जूल. बसलेल्या माणसाचा अर्धा चौरस मीटर समोर आला असं धरलं, तर त्याच्या वाट्याला २० लाख. शरीरातल्या एक लिटर पाण्याची वाफ करायलाच, अप्रकट उष्मा (उकळत्या पाण्याची वाफ होताना लागणारी जास्तीची उष्णता) धरून, २५ लाख लागतात आणि अंगात पाणी तीसेक लिटर! त्वचेचा कोळसा होतो, माणसाची वाफ होत नाही. सेकंद-दीड सेकंदात मागून दाबलहर येते.

(ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबाँबच, असं सांगणारे याच ग्रुपवर असतात. हिरोशिमाचा बाँब युरेनियमचा होता, आणि निसर्गातल्या युरेनियममध्ये बाँबच्या उपयोगाचा प्रकार, युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के. ते वेगळं काढायला अमेरिकेला ओक रिजला अख्खं गाव वसवावं लागलं. कुरुक्षेत्राजवळचा तो कारखाना कुणी दाखवील का?)

आकडेमोडीचा एवढा अट्टहास अशासाठी, की 'वाफ' हा शब्द सोयीचा आहे. वाफ झालेल्याला वेदना नसतात. प्रत्यक्षात वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं गेली, त्यांतली कित्येक काही तासांनी, कित्येक काही आठवड्यांनी, केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन. बाँबमुळे युद्ध लवकर संपून सैनिक वाचले, की ८ ऑगस्टला रशियाने युद्ध पुकारल्यावर जपान तसाही शरण आला असता, हा वाद इतिहासकारांचा. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण ते गणिताने सिद्ध होत नाही.

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने १९९५ साली बाँब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाशेजारी मृतांच्या वस्तूही मांडायचं ठरवलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या आणि तो बेत रद्द झाला. शेवटी लोकांना दिसला तो विमानाचा घासूनपुसून चकचकीत केलेला पुढचा भाग.

पायऱ्या १९७१ साली उचलून हिरोशिमाच्या संग्रहालयात नेल्या. तिथे बसलेलं माणूस आपलंच, असं एकाहून अधिक कुटुंबांनी सांगितलं आहे.