विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचे शारीरिक शिक्षण

शारीरिक, बौद्धिक, दृष्टी-श्रवणाच्या किंवा वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना धावता, पोहता, तोल सांभाळता आणि खेळता यावे म्हणून नियम, साधने, मैदान व शिकवण्याची रीत बदलून दिले जाणारे शालेय शिक्षण. याला ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ असेही म्हणतात. ही फिजिओथेरपी नव्हे. फिजिओथेरपिस्ट एका मुलाच्या सांध्या-स्नायूंवर काम करतो. इथे वर्ग असतो, सवंगडी असतात, हारजीत असते. पॅरा-क्रीडेशी, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांशी, त्याचे नाते आहे, पण पदक हा त्याचा हेतू नाही.

मराठी मुलांच्या खेळात या कल्पनेचे एक घरगुती रूप पूर्वीपासून आहे : लिंबूटिंबू. धाकट्याला खेळायला घ्यायचे, पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. यात माया आहे आणि थोडी अवहेलनाही, कारण तो असला काय, नसला काय, डाव तसाच चालतो. अनुकूलनाची कसोटी इथेच लागते. नियम असे बदलायचे की ते मूल खरोखर बाद होऊ शकेल आणि त्याच्यावर राज्यही येईल. शाळांची मजल बऱ्याचदा लिंबूटिंबूपर्यंतही जात नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आली की पी.टी.च्या तासाला सूट मिळते. मग मूल कडेला बसून इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते, फार तर गुण लिहिते. हालचालीची गरज ज्याला सर्वांत जास्त, नेमका त्याचाच तास बुडतो.

या विषयाची मुळे वैद्यकात आहेत. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामसंस्था काढली आणि उपचारासाठी व्यायाम ही शाखा रुजवली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातून १९६० च्या रोम पॅरालिंपिकपर्यंतची वाट निघाली. ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ या नावाची औपचारिक व्याख्या अमेरिकेत १९५२ मध्ये झाली, आणि तिथल्या १९७५ च्या कायद्याने विशेष शिक्षणाच्या व्याख्येतच शारीरिक शिक्षणाचा समावेश केला.

पुण्यातही हा विचार ठळकपणे दिसला तो आधी लष्कराच्या आवारात. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, तर मज्जारज्जूच्या इजेने लुळे पडलेल्या सैनिकांसाठीचे खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चे. पुण्यात स्थायिक झालेले मुरलीकांत पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर ते उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. शाळेतल्या मुलांच्या दृष्टीने या कथेत महत्त्वाची गोष्ट पदक नाही. ज्या तलावात उपचार झाला त्याच तलावात खेळ सुरू झाला, ही आहे.

कायद्याची बाजू आता भक्कम आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याच्या ३० व्या कलमात, शाळेतील खेळ धरून, मुलांना खेळात समान संधी देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याचे कलम १६ शाळांवर इतरांच्या बरोबरीने खेळ व मनोरंजनाची संधी देण्याची जबाबदारी टाकते, तर कलम ३० क्रीडासुविधांच्या फेररचनेविषयी आहे. त्यामुळे ‘सूट’ ही शाळेची कृपा आणि मुलाची सोय, असे मानणे कायद्याला धरून नाही.

बदल करायचा तो चार ठिकाणी : जागा, कृती, साधन आणि माणसे. मैदान लहान करा, काम सोपे किंवा तुकड्यांत द्या, चेंडू मोठा, हलका वा वाजणारा घ्या, जोडीदार द्या. खो-खो हे याचे उत्तम उदाहरण. त्याचे नियम पहिल्यांदा १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले असे मानतात. म्हणजे ते आकाशातून पडलेले नाहीत, कुणीतरी बसून ठरवलेले आहेत आणि पुन्हा बसून बदलता येतात. शिवाय मूळ नियमातच खो पाठीला हात लावून आणि तोंडाने उच्चारून, असा दोन्ही प्रकारे द्यायचा असतो. कर्णबधिर मुलाला स्पर्श पुरतो, अंध मुलाला आवाज. उकिडवे बसता येत नसेल त्याला स्टूल द्यावे. न दिसणाऱ्याला जोडीदारासोबत दोरीचे एकेक टोक धरून पळता येते. लंगडीचे नाव कानाला खटकते खरे, पण तिची रचना मात्र शहाणी आहे : पाठलाग करणाऱ्या धडधाकट मुलावरच तिथे एक पाय उचलण्याची अट असते.

साधनांना फार पैसे लागतात हा समज खोटा आहे. चेंडूला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की तो सरपटताना खसखसतो आणि अंध मुलांना त्याचा माग लागतो. पीव्हीसी पाइप उभा चिरला की बोचियासाठी, म्हणजे लक्ष्य-चेंडूच्या जवळ चेंडू सोडण्याच्या खेळासाठी, उतरण तयार. हाताची पकड नसलेले मूल खुर्चीत बसून त्यावरून चेंडू सोडू शकते. मोज्यात तांदूळ भरून शिवले की चेंडूही घरचाच. गोलबॉल हा अंध सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघालेला खेळ १८ बाय ९ मीटरच्या मैदानावर, म्हणजे व्हॉलीबॉलच्याच आखणीवर खेळतात. रेषांखाली सुतळी चिकटवतात, त्यामुळे त्या हाताला लागतात. सगळेच डोळ्यांवर पट्टी बांधतात, चेंडूत घुंगरू असते आणि डाव चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते. डोळस वर्गमित्र यात हमखास हरतात, आणि त्याची मजा वेगळीच. कर्णबधिर धावपटूंसाठी शिट्टीऐवजी झेंडा. लेझमीच्या सरावात हलगीऐवजी मोठा ढोल जवळ ठेवला तर ठेका छातीत जाणवतो.

मैदानाचा प्रश्न मात्र साधा नाही. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके मुरमात रुततात. पेठांतल्या जुन्या शाळांचे शहाबादी फरशी घातलेले चौक लहान असतात, पण व्हीलचेअरसाठी तेच बरे. तिथे अडचण असते ती जिन्याची आणि उंबऱ्याची.

काही बाबतींत काळजी हा पर्याय नसून अट आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मण्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन किंवा पाण्यात सूर मारणे त्यांच्याकडून करून घेऊ नये. अपस्मार (फिट येण्याचा विकार) असलेल्या मुलाला पोहता येते, पण काठावर केवळ त्याच्यावर नजर ठेवणारी व्यक्ती हवी. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही अशा अवस्थेत, गार पाण्याने स्नायू अधिक आखडतात, कोमट पाण्याने सैलावतात. मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असेल तर शरीराला घाम येऊन थंड होणे जमत नाही, म्हणून एप्रिल-मे मधला पुण्यातला दुपारचा तास अशा मुलासाठी धोक्याचा. स्वमग्न मुलांना बंदिस्त सभागृहात घुमणारी शिट्टी असह्य होऊ शकते. आज काय काय करायचे हे चित्रांच्या क्रमाने आधी दाखवले तर तास बराच सुरळीत जातो. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सूचना एका वेळी एकच द्यावी, तीही करून दाखवून.

राज्याच्या दृष्टीने पुण्याचे स्थान विशेष आहे. शिक्षण, दिव्यांग कल्याण आणि क्रीडा या तिन्ही आयुक्तालयांची कार्यालये याच शहरात, पाठ्यपुस्तके काढणारी बालभारतीही इथेच. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचे आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय क्रीडाशिक्षक घडवते. १९३४ पासूनची अंधशाळा, गोखलेनगरची कामायनी यांसारख्या विशेष शाळांना या मुलांचा दीर्घ अनुभव आहे. इतके सगळे हाताशी असूनही सांधा जुळत नाही, याचे एक कारण शिक्षकांच्या तयारीत आहे. विशेष शिक्षकाचा अभ्यासक्रम १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत, तर शारीरिक शिक्षकाची बी.पी.एड. ही पदवी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या कक्षेत. पी.टी.च्या सरांना खेळ येतो, विशेष शिक्षिका ताईंना मूल कळते. एकाच मैदानावर, एकाच वेळी दोघे क्वचितच असतात. विशेष शाळेत मुलांना जमेल असा खेळ असतो पण इतर मुले नसतात. सर्वसाधारण शाळेत नेमके उलटे. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि नसलेल्या खेळाडूंना एकाच संघात घेण्याचा प्रयोग स्पेशल ऑलिंपिक्स या १९६८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या चळवळीने ‘युनिफाइड’ खेळांतून केला आहे. शाळांनी उचलावा असा तो आहे.

मूल्यमापन वर्गाच्या सरासरीशी तुलना करून करता येत नाही. जूनमध्ये वॉकर घेऊन व्हॉलीबॉलच्या मैदानाला एक फेरी मारायला किती वेळ लागला, मध्ये किती वेळा थांबावे लागले आणि दिवाळीच्या सुटीनंतर तेच आकडे काय आले, एवढी नोंद सरांच्या वहीत असली तर श्रेणी देता येते. त्यासाठी जूनमध्ये त्या मुलाला मैदानावर नेलेले असावे लागते.