चैत्रातला ओटा, मोगऱ्याचे रोप आणि कुंडी बदलण्याची घाई

आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या काळात आमच्याकडून सर्वांत जास्त जाणारे रोप मोगऱ्याचे असते, आणि सर्वांत जास्त तक्रारीही याच काळात आणि मोगऱ्याच्याच येतात. नेले तेव्हा रोप कळ्यांनी भरलेले होते, चार दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या, पाने माना टाकू लागली, आता कोणते औषध फवारावे, असे विचारत अनेक ग्राहक रोप घेऊन परत येतात. आम्ही त्यांना आधी एवढेच विचारतो, की कुंडी कधी बदलली. बहुतेकांचे उत्तर ‘नेले त्याच दिवशी’ किंवा ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे असते. म्हणजे रोपाला रोग झालेला नसतो, कीड लागलेली नसते आणि फवारण्यासारखे काहीही नसते. फुलावर आलेले रोप ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मुळापासून हलवले गेलेले असते, इतकेच. दुकानात गर्दी असताना हे सविस्तर सांगता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

ही घाई का होते, हे आम्हाला चांगले समजते. बैठ्या घराचा ओटा, बंगल्याचा पोर्च किंवा रो-हाऊसच्या दारातली दोन पायऱ्यांची जागा, कुठेही काळी प्लास्टिकची पिशवी शोभत नाही. पाडव्याला दारी गुढी उभी राहणार असते, त्यानंतर चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही हळदीकुंकू निघते. आंब्याची डाळ आणि पन्हे घ्यायला येणाऱ्यांनी प्रथम पाहायचा असतो तो ओटाच. मोगरा मातीच्या चांगल्या कुंडीत असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. आमचा आग्रह एवढाच, की ती पूर्ण करताना रोपाच्या हुंडीला, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याला, हात लावू नये.

हुंडी फुटली की काय होते

रोप पिशवीत वाढताना त्याची मुळे मातीला धरून घट्ट गोळा तयार करतात, तीच हुंडी. जमिनीतले पाणी ओढण्याचे काम प्रामुख्याने जाड, तपकिरी मुळे करत नाहीत. ते हुंडीच्या कडेकडेने पसरलेल्या कोवळ्या पांढऱ्या मुळ्या आणि त्यांच्या टोकांजवळचे अतिशय सूक्ष्म मूलरोम करतात. पिशवी फाडून हुंडी हाताने मोकळी केली, ‘जुनी माती काढून टाकू’ म्हणून झटकली किंवा पाण्यात धुतली, की पहिल्या झटक्यात नष्ट होतात त्या याच पांढऱ्या मुळ्या. वरचे रोप मात्र तेवढेच राहते, तितकीच पाने आणि तितक्याच कळ्या घेऊन. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारचे कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास असते आणि हवाही कोरडी असते, त्यामुळे पानांतून पाणी वेगाने उडून जाते, आणि खालून ते पुरवणारी यंत्रणा आपण नुकतीच तोडलेली असते. अशा वेळी रोप स्वतःला वाचवण्यासाठी जे सर्वांत आधी सोडून देते ती कळी. कळ्या गळणे हे रोपाच्या मरणाचे लक्षण नाही, ते जगण्याच्या धडपडीचे लक्षण आहे, आणि येथवर थांबले तर रोप सहसा वाचते.

परंतु येथवर सहसा थांबले जात नाही, आणि आमच्या अनुभवात रोपे खऱ्या अर्थाने जातात ती या पुढच्या पायरीवर. रोप सुकलेले दिसले, की त्याला तहान लागली असे वाटते आणि सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घातले जाते. मोठ्या कुंडीत भरलेल्या नव्या मातीत अजून मुळे पोहोचलेलीच नसतात. ते पाणी पिणारे तेथे कोणी नसते. माती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा निघून जाते आणि उरलेली मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांचे रोपही वरून सुकलेलेच दिसते, म्हणून आणखी पाणी घातले जाते, आणि कोणीतरी सुचवले म्हणून वर मूठभर रासायनिक खतही पडते. आमच्याकडे परत येणाऱ्या रोपाची माती बहुतेक वेळा चिखल झालेली असते. कोरडी क्वचितच असते.

आमची रोपे तांबड्या मातीत वाढवलेली असतात, आणि त्यामुळे याच्या उलट प्रकारही घडतो. हुंडी न फोडता, पण भोवती नुसते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून कुंडी केली, तर वरून घातलेले पाणी हलक्या कोकोपीटमधून झरकन खाली जाते आणि मधला तांबडा गोळा आतून कोरडा ठणठणीत राहतो. कुंडी वरून ओली, बुडातून पाणी वाहते आहे आणि रोप तरीही सुकते आहे, असे दिसल्यास हे कारण तपासावे.

मग ओट्यावर पिशवी कशी ठेवावी

रोप पिशवीसकट कुंडीत ठेवावे. पिशवीपेक्षा दोन-तीन इंच रुंद आणि थोडी उंच अशी कुंडी घ्यावी, तिच्या बुडाला भोक आहे ना हे पाहावे, तळाशी विटेचे दोन तुकडे ठेवून त्यांवर पिशवी अलगद बसवावी आणि भोवतीच्या फटीत नारळाच्या शेंड्या सैलसर भराव्यात. पिशवीची कड बाहेरून दिसत नाही, तळाला हवा खेळती राहते, आणि काळ्या प्लास्टिकवर थेट ऊन पडून मुळे भाजण्याचा धोकाही टळतो. हळदीकुंकवाला आलेल्या पाहुण्यांना हे रोप अद्याप पिशवीत आहे, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडच्या नेहमीच्या पिशव्या आत नीट बसतील अशा मापाच्या मातीच्या कुंड्या आम्ही याच हंगामासाठी वेगळ्या मागवून ठेवतो. रोप घेतानाच सांगितल्यास शेंड्यांसह बसवून देतो आणि त्या बसवण्याचे वेगळे पैसे घेत नाही.

ज्यांच्या घरी सिरॅमिकची, भोक नसलेली शोभेची कुंडी आहे त्यांनीही ती वापरावी, मात्र साचलेले पाणी दिवसाआड ओतून टाकावे. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालण्यासाठी कुंडीखालच्या ताटलीतले स्वच्छ पाणी पुरते, आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठलेले सगळे पाणी ओतून टाकण्याचा दिवस, पाळण्याची सूचना याच कारणासाठी केली जाते, आणि ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांनी ती विशेष मनावर घ्यावी.

ऊन, वारा आणि पाणी

आमच्याकडे रोपे निम्मे ऊन अडवणाऱ्या हिरव्या शेडनेटखाली असतात. विक्रीपूर्वी आम्ही मोगरा काही दिवस उघड्यावर काढतो, तरीही आपला ओटा पश्चिमेला असेल आणि खाली शहाबादी फरशी असेल तर दुपारी तीनच्या सुमारास तेथील ताप फार वेगळा असतो. पहिला आठवडाभर रोपाला सकाळचेच ऊन मिळेल असे ठेवावे, नंतर हळूहळू पुढे सरकवावे. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतेच. कायम सावलीतल्या पोर्चमध्ये तो जगेल, पण फुलणार नाही, आणि तो दोष रोपाचा नाही. पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून सुटतो, म्हणून आपण जेथे बसता त्याच्या पश्चिमेच्या अंगाला मोगऱ्याच्या कुंड्या असाव्यात. कळी दिवस मावळताना उमलू लागते, आणि त्याच वेळी वारा तिचा वास आपल्याकडे घेऊन येतो. ज्यांना आम्ही ही मांडणी सुचवली, त्यांतले कित्येक जण पुढच्या वर्षी आणखी दोन रोपे न्यायला आले.

पाणी घड्याळाकडे पाहून घालू नये. तर्जनीची दोन पेरे मातीत घालून पाहावी. बोटाला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नको. माती भुसभुशीत आणि जेमतेम ओलसर असेल, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात त्या स्थितीत असेल, तर सकाळी एकदाच, बुडातून निघेपर्यंत द्यावे. दुपारी पाने थोडी मलूल होऊन सायंकाळी आपोआप ताठ होत असतील तर ते उन्हामुळे आहे आणि त्यासाठी काहीही करण्याची गरज नाही. सकाळीही मलूल असतील, तर मात्र मातीत बोट घालून पाहावे आणि मगच ठरवावे. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड येते. दोन-तीन दिवसांनी पानांच्या खालच्या बाजूने साध्या पाण्याचा फवारा मारला तर ती सहसा आटोक्यात राहते.

पहिला बहर संपला, की फुले येऊन गेलेल्या फांद्यांची टोके दोन पेरांपर्यंत खुडावी. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येते, त्यामुळे जुनी टोके तशीच ठेवली तर पुढचा बहर लांबतो.

मोगऱ्याच्या सोबतीला

पेटुनिया, फ्लॉक्स आणि डेलिया मार्चनंतर आमच्याकडे मागू नयेत, ही नम्र विनंती आहे. ही थंडीतली फुले आहेत. मार्चअखेर ती काही दिवसांची पाहुणी असतात, आणि आमच्याकडे शिल्लक असली तरी आम्ही ती त्या वेळी विकत नाही. त्याऐवजी उन्हाचे माहेर असलेल्या झाडांकडे पाहावे. पोर्चच्या खांबावर मधुमालती चढवावी. तिची फुले पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि शेवटी लाल होतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. फाटकाजवळ बोगनवेल असावी. तिला पाण्याचा थोडा ताण बसला की ती रंगते, रोज पाणी मिळाले तर नुसती पाने काढते, आणि तिची मुळे इतकी नाजूक असतात की हुंडीबाबत वर सांगितलेले सारे तिला मोगऱ्याहूनही अधिक लागू पडते. अनंत पूर्वेच्या बाजूला, दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवावा. कुंडीत फुलणारा सोनचाफा हवा असेल तर कलमाचाच घ्यावा, कारण बियांपासून केलेल्या रोपाला फूल यायला अनेक वर्षे वाट पाहावी लागते.

भुईचाफ्याबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. थंडीत त्याची पाने पूर्ण वाळून जातात आणि कुंडी रिकामी दिसते. कंद मेला असे समजून ती माती दुसऱ्या रोपासाठी वापरली जाते. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या तोंडावरच्या याच दिवसांत, पानांच्या आधी, थेट मातीतून जांभळट-पांढरी सुवासिक फुले वर येतात. आमच्याकडून नेलेल्या भुईचाफ्याच्या कुंडीवर म्हणूनच आम्ही ‘कुंडी रिकामी करू नये’ अशी चिठ्ठी लावतो. ती कृपया काढू नये.

आमची पद्धत आणि तिचे कारण

रोप नेल्यापासून पंधरा दिवसांत, हुंडी मूळच्या पिशवीत असताना ते गेले, तर आम्ही दुसरे रोप देतो आणि कारण विचारत बसत नाही. पिशवी काढलेली असेल तर देत नाही. हा नियम काहींना कठोर वाटतो, पण हुंडी शाबूत असताना रोप गेले तर उणीव आमच्या वाढवण्यात असण्याची शक्यता असते आणि तिची जबाबदारी आमची आहे. हुंडी फुटल्यानंतर कशामुळे काय झाले, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

आमचा मोगरा दारावर येणाऱ्या टेम्पोतल्या रोपापेक्षा महाग असतो, हेही खरे आहे. आम्ही पावसाळ्यात फांदीची छाट लावतो, रोप पुढचा पावसाळा पिशवीतच काढते, हिवाळ्याच्या शेवटी आम्ही त्याची छाटणी करतो आणि मुळ्या पिशवीच्या कडेपर्यंत पोहोचलेल्या दिसल्यावरच ते विक्रीला ठेवतो. कोवळ्या हुंडीची रोपे लवकर विकता आली असती, परंतु ती घरी नेईपर्यंतच रिक्षात फुटतात.

कुंडी केव्हा बदलावी

जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोगरा लावण्याचा योग्य काळ म्हणजे मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवेत गारवा आल्यावर, साधारण जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत. तेव्हाही पिशवी ब्लेडने उभी चिरून बाजूला करावी, हुंडी जशीच्या तशी ठेवावी आणि एकच माप मोठी कुंडी घ्यावी. दुसरी संधी जानेवारीत, छाटणीनंतर मिळते. अंगणात लावणार असाल तर खड्डा मात्र आताच, उन्हाळ्यात खणून तापू द्यावा; दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरेसा आहे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हात भेगाळते, म्हणून खड्डा भरताना निम्मी पोयटा (गाळाची) माती, कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत पूर्ण कुजलेले नसेल तर ते घालू नये.

पावसाळ्यात कुंडी बदलून देण्याचे काम आम्ही रोपवाटिकेत करतो आणि शहरात घरी येऊनही करतो. आमच्याकडून घेतलेल्या रोपांसाठी फक्त मातीचे आणि कुंडीचे पैसे आकारले जातात. जूनमध्ये या कामाला रांग लागते, म्हणून रोप नेतानाच नाव आणि रोपांची संख्या नोंदवहीत लिहून ठेवावी. कुंडी आपली असल्यास तिच्या तोंडाची रुंदी इंचांत मोजून आणावी, म्हणजे माती त्या मापाने आधीच तयार ठेवता येते.