भरल्या पानावरून उठणारी पंगत

आपल्याकडं पाहुणा भरल्या पानावरून उठला की यजमानाच्या काळजात धस्स होतं. काय चुकलं, कोण काय बोललं, याची रात्रभर उजळणी होते. जावा बेटावरच्या खेड्यांत मात्र 'स्लामेतान'ला, म्हणजे विधीच्या पंगतीला, आलेले पाहुणे चार घास खाऊन उठतात, आणि तिथं तीच रीत आहे. उरलेलं अन्न केळीच्या पानात बांधून जो तो घरी नेतो. बायकामुलं वाट बघत असतात. खरं जेवण तिथं होतं.

गर्भारपणाचा सातवा महिना, सुंता, लग्न, नवं घर अशा प्रसंगी स्लामेतान घालतात. माणूस गेल्यावर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी, पुढं दोन वर्षश्राद्धांना आणि शेवटी हजाराव्या दिवशी. 'स्लामेत' हा शब्द आपल्या 'सहीसलामत'मधल्या अरबी शब्दाचाच भाऊ. घरी न्यायच्या पुडीला 'बर्कात' म्हणतात, म्हणजे आपली बरकतच.

बोलावणं अगदी ऐनवेळी येतं. दिवेलागण झाली की एक मुलगा घरोघर निरोप देत फिरतो आणि घरटी एक पुरुष हातातलं काम टाकून निघतो. बाहेरच्या खोलीत चटया अंथरलेल्या असतात. मध्ये भाताचा उंच शंकू, अख्खी शिजवलेली कोंबडी, उदाचा धूर. यजमान भारदस्त जावानीत प्रसंग सांगतो, गावचा मोदिन, म्हणजे धार्मिक विधी करणारा माणूस, अरबीत दुआ म्हणतो, बाकीचे मध्ये मध्ये 'आमीन' म्हणतात. भुताखेतांनी आणि पूर्वजांनी अन्नाचा वास घेतला की त्यांचं जेवण झालं, अशी समजूत. मग माणसं चार घास खातात आणि पुड्या बांधून निघतात.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ 1953-54 मध्ये पूर्व जावातल्या पारे या गावी राहिले. बोलावणं कुणाला, याचा नियम त्यांना फार साधा दिसला: घराच्या चारी बाजूंना जो राहतो, त्याला. भावकी, मैत्री, मतं यांचा संबंध नाही. मला या प्रथेचा गाभा इथंच दिसतो. नातं आणि मैत्री माणसं एरवीही सांभाळतात. ज्याच्याशी ना रक्ताचं नातं ना मनाचं, पण कुंपण मात्र सामाईक, त्याच्याशी संबंध टिकवायला मुद्दाम काहीतरी करावं लागतं. चटईवर सगळे एका पातळीवर बसतात, पुडी सगळ्यांना सारखीच मिळते, आणि त्या रात्री अख्ख्या गल्लीतल्या पोरांच्या पोटात एकाच चुलीवरचा भात जातो. पुढच्या महिन्यात चूल दुसऱ्याची असते. ही देवघेव कधीच फिटत नाही, म्हणून तुटतही नाही.

त्या पंगतीत लाल आणि पांढरी अशी तांदळाची पेज असते. लाल रंग गुळाचा. कुणी म्हणतं, लाल म्हणजे आई, पांढरी म्हणजे बाप. कुणी आदम आणि हव्वा सांगतं. अर्थ कुणावर लादला जात नाही. नमाजी मुसलमान आणि जुन्या जावानी समजुती मानणारा शेजारी, दोघंही एकाच वाडग्याकडं बघून आपापला अर्थ घेऊन जातात.

पुरुष चटईवर बसतात ते थोडा वेळ; मागच्या अंगणात बायका सकाळपासून राबत असतात. नारळ खवणं, भात वाफवणं आणि गावभरच्या गप्पा. या हातभाराला 'रेवांग' म्हणतात. माझ्या मते गल्लीची वीण चटईपेक्षा त्या चुलीपाशीच जास्त घट्ट होते. लग्नाच्या वेळी कुणी किती तांदूळ, किती साखर आणली हे आपल्या आहेराच्या वहीसारखं लिहूनही ठेवतात.

ही वीण उसवतेही. 1954 मध्ये गीर्ट्झ यांच्या डोळ्यांदेखत एका दहाएक वर्षांच्या मुलाचा अंत्यविधी अडला. ज्या घरात तो वारला ते घर एका इस्लामविरोधी पक्षाच्या माणसाचं, म्हणून मोदिननं विधी करायला नकार दिला. पोराचं प्रेत तसंच पडून, आणि जमलेले शेजारी गोंधळून बसलेले. मुलाचे वडील आले, त्यांनी इस्लामी पद्धतीला होकार दिला, तेव्हा कुठं दफन झालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, इंडोनेशियात 1965-66 मध्ये झालेल्या कम्युनिस्टांच्या कत्तलीत, पारे ज्या केदिरी भागात येतं त्याच भागात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. एकाच भातातून वाढलेली ती माणसं होती. अन्न वाटून घेतल्यानं द्वेष आपोआप विरत नाही, हे लिहिताना जीव जड होतो, पण ते लिहायलाच हवं.

तरीही स्लामेतान थांबलं नाही. आता बऱ्याच गावांत केळीच्या पानाऐवजी पिशवी मिळते आणि तिच्यात कच्चे तांदूळ, अंडी, साखर, नूडल्सची पाकिटं असतात. जुन्या बायकांचा स्वयंपाकाचा ताप वाचला. पण मागच्या अंगणात आता सकाळपासून कुणी जमत नाही, आणि बरकत आली की प्रत्येक घराला आपली चूल आपणच पेटवावी लागते.