सामुदायिक बिनतारी जाळे

रहिवाशांनी स्वतः उभारलेले, त्यांच्याच मालकीचे आणि त्यांनीच चालवलेले संगणकीय दळणवळणाचे जाळे. छपरांवर, मनोऱ्यांवर किंवा टेकड्यांवर बसवलेले वाय-फाय राउटर व अँटेना रेडिओ लहरींनी एकमेकांना जोडून ते तयार होते. इंटरनेट हा अशा जाळ्याचा अनिवार्य घटक नव्हे. बाहेरची जोडणी तुटली तरी सभासदांमधील निरोप, फायली व संभाषणे चालू राहू शकतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९६२ या वर्गीकरणपर दस्तऐवजात (आरएफसी ही इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) सामुदायिक जाळी आणि लहान खाजगी बिनतारी इंटरनेट-सेवादार हे दोन वेगळे प्रकार मानले आहेत.

आरंभ : या जाळ्यांचा उगम कोठे मानावा याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो हवाई विद्यापीठातील अलोहानेटपर्यंत मागे नेतात. नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या या प्रयोगात संगणकांची माहिती रेडिओवरून पुड्यांच्या (लहान तुकड्यांच्या, म्हणजे पॅकेटांच्या) रूपात पाठवली गेली. तंत्राच्या दृष्टीने हे पूर्वजत्व मान्य करावे लागते. पण ते जाळे एका संस्थेचे होते. दुसरे मत हौशी रेडिओचालकांना श्रेय देते. माँट्रियल येथे १९७८ च्या सुमारास त्यांनी पॅकेट रेडिओचे प्रयोग सुरू केले व पुढे एएक्स.२५ हा संदेशवहनाचा नियमसंच रूढ झाला. येथे मालकी चालकांचीच होती. मात्र हौशी परवान्याखाली व्यापारी मजकूर आणि सांकेतिक लिपीतील संदेश सामान्यतः वर्ज्य असतात, त्यामुळे शेजारपाजारच्या परवाना नसलेल्या माणसाला त्यात वाव नव्हता.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये ९०२–९२८ मेगाहर्ट्झ, २.४ व ५.८ गिगाहर्ट्झ हे पट्टे विस्तृत-वर्णपट (संदेश रुंद पट्ट्यावर पसरवून पाठवण्याच्या) पद्धतीच्या विनापरवाना वापरास खुले केले. ८०२.११ हे वाय-फायचे मानक १९९७ मध्ये आणि ११ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचे ८०२.११बी १९९९ मध्ये आले. उपकरणे स्वस्त झाली. साधारण २००० मध्ये सिअ‍ॅटल वायरलेस व लंडनमधील कन्झ्यूम, नंतर अथेन्स, बर्लिन (फ्रायफुंक) व व्हिएन्ना येथील जाळी उभी राहिली. सामान्य रहिवासी हाच मालक ही कल्पना येथे प्रथम ठसठशीतपणे दिसते.

मार्गनिवड : नोड (जाळ्यातील प्रत्येक राउटर-स्थानक) चालू-बंद होत राहतात, लहरी पावसापाण्यात व झाडोऱ्यात क्षीण होतात, म्हणून माहितीचा मार्ग सतत नव्याने ठरवावा लागतो. २००३ च्या ओएलएसआर या मार्गनिवडीच्या मानकात (आरएफसी ३६२६) कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडला जाई. प्रत्यक्षात त्यामुळे दूरच्या, डळमळीत दुव्याला पसंती मिळे. यावर ईटीएक्स हे माप उपयोगी ठरले : पुडी पोचती होईपर्यंत ती सरासरी किती वेळा पाठवावी लागेल, हे ते सांगते. जाण्याची व पोच परतण्याची शक्यता प्रत्येकी ०.५ असलेल्या एका दुव्याचे ईटीएक्स ४ येते. दोन्ही शक्यता ०.९ असलेल्या दोन दुव्यांची बेरीज सुमारे २.५ भरते. म्हणजे लांबचा वळसाच जवळचा. बर्लिनमध्ये विकसित झालेल्या बॅटमॅन पद्धतीत नोड संपूर्ण नकाशा न बाळगता, पुढचा सर्वोत्तम शेजारी कोणता एवढेच लक्षात ठेवतो. एकाच रेडिओवर ऐकणे व पुढे धाडणे चालत असेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग निम्म्यावर येण्याकडे कल असतो. त्यामुळे मोठी जाळी मुख्य दुव्यांसाठी स्वतंत्र दिशादर्शी अँटेना वापरतात.

लांब दुव्यांना नुसती दृष्टिरेषा पुरत नाही. २.४ गिगाहर्ट्झवरील १० किमी.च्या दुव्याच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवतीच्या, लहरींना मोकळ्या लागणाऱ्या लंबगोल जागेची) त्रिज्या सुमारे १७.७ मी. असते व तिचा निदान ६०% भाग मोकळा लागतो. पाठवलेली पुडी मिळाल्याची पोच येण्याची वाटही वाय-फाय थोडाच वेळ पाहते. ही मुदत वाढवून एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये व्हेनेझुएलात ३८२ किमी.चा दुवा साधला. तेवढ्या अंतरावर लहरींना जाऊन येण्यासच सुमारे २,५०० मायक्रोसेकंद लागतात.

करार व कायदा : पिकोपीअरिंग करारानुसार नोडधारक इतरांची माहिती विनामोबदला व फेरफार न करता पुढे जाऊ देतो, सेवेची हमी कोणीच देत नाही. स्पेनमधील कातालोनियातील ओसोना भागात २००४ मध्ये सुरू झालेल्या गिफी.नेट या जाळ्याने याला आर्थिक बाजू जोडली. तेथे व्यापारी सेवादारही सामाईक जाळे वापरतात, पण वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलतात. २००८ मध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले, पुढे प्रकाशतंतूही टाकले गेले आणि नोडांची संख्या ३०,००० च्या वर गेली. केवळ स्वयंसेवेवर टिकणे किती अवघड असते हे पाहता ही व्यवस्था या क्षेत्रातील सर्वांत मोलाची निर्मिती म्हणावी लागेल. जर्मनीत जोडणीधारकावर परक्याच्या गैरवापराची जबाबदारी येत असल्याने फ्रायफुंकचे गट वाहतूक व्हीपीएनद्वारे (सांकेतिक आभासी खाजगी जोडणीतून) अन्यत्र वळवीत. २०१७ च्या दुरुस्तीने ही जबाबदारी बरीच सैल झाली.

इतर पर्याय : नेपाळच्या डोंगराळ गावांना वाय-फायने जोडणारे महावीर पुन यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेक्सिकोतील ओआहाका राज्यात २०१३ पासून गावांनी स्वतःची मोबाइल सेवा चालवली. हवानातील एसनेट हे तारा व वाय-फाय यांनी हजारो घरे जोडणारे, इंटरनेटशी न जोडलेले जाळे होते. २०१९ च्या नियमांनंतर त्याच्या सेवा ‘होवेन क्लब’ या सरकारी केंद्रांच्या जाळ्यात हलवण्यात आल्या.