जठर नसलेल्या माशासाठी स्वयंपाक

कार्प माशाला जठर नसतं. घशातून उतरलेलं अन्न सरळ आतड्यात जातं. जबड्यात दातही नाहीत. दात आहेत ते घशात, आणि दाणे किंवा शिंपले तिथेच भरडले जातात. अन्न साठवायला जागा नसल्यामुळे हा मासा एकदाच पोटभर जेवत नाही, दिवसभर थोडं थोडं टिपत राहतो. आठवडाभर हिंजवडीला नोकरी करून रविवारी गळ घेऊन निघणाऱ्या पुणेकराने आधी हे समजून घ्यावं, कारण आमिषाचं सगळं गणित इथूनच सुरू होतं.

आपल्याकडच्या तलावांत आणि धरणांत रोहू, कटला आणि मृगळ या कार्प माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली जातात. हे मासे मूळचे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली कटकला माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा (मेंदूखालच्या पिट्युटरीचा) अर्क टोचून या माशांकडून अंडी मिळवली, आणि देशातली मत्स्यशेती त्यानंतर पालटली. कॉमन कार्प, म्हणजे बाजारातला सायप्रिनस, परदेशी आहे. १९३९ मध्ये तो श्रीलंकेतून निलगिरीत आला. साध्या तळ्यातही तो पाणवनस्पतींना अंडी चिकटवून वाढतो. शेततळ्यात या सगळ्यांचं नेहमीचं खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड, निम्मं निम्मं. त्यामुळे महागडी परदेशी पाकिटं मागवण्याआधी पशुखाद्याच्या दुकानात जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्प चव घेतो ती तोंडाच्या बाहेरूनही. ओठांवर, मिशांवर, अगदी अंगाच्या कातडीवरही त्याला रुचिकलिका असतात. तळाचा चिखल तो तोंडात ओढतो, टाळूवरची मांसल गादी त्यातलं खाण्याजोगं तेवढं पकडून ठेवते आणि उरलेलं बाहेर फेकलं जातं. गळावरची गोळीही याच तपासणीतून जाते. एवढं सगळं क्षणार्धात उरकतं, म्हणून दोरी जेमतेम थरथरते आणि पुन्हा शांत होते.

पण पाण्यात विरघळतं तेवढंच त्याला कळतं. तेलातला इसेन्स आपल्या नाकात भरतो, पण पाण्यात तो वर तरंगतो. नुसत्या कणकेत असतात स्टार्च आणि प्रथिनं. दोन्हींचे रेणू मोठे, पाण्यात फारसे न पसरणारे. माशाला ओढतात ते प्रथिनं तुटून सुटे झालेले छोटे घटक, म्हणजे अमिनो आम्लं. अ‍ॅलॅनिन आणि प्रोलिन ही त्यातली कार्पच्या आवडीची. ही तोडफोड करायला जिवाणू आणि विकरं (एन्झाइम) पुरेशी आहेत, आणि त्यांना तुमची सोबत लागत नाही. गुरुवारी रात्री पेंड कोमट पाण्यात भिजवून झाकून ठेवली, की तुम्ही ऑफिसात असताना ती आंबत राहते. शनिवारी झाकण उघडल्यावर ताकासारखा आंबूस वास यायला हवा आणि कडेला बारीक बुडबुडे दिसायला हवेत.

स्टार्च फोडायला मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी घ्यावी. कोंड्याची आणि पिठाची घट्ट लापशी शिजवा, उकळी पूर्ण बसू द्या आणि ती चांगली गरम असतानाच चमचाभर नाचणीचं हे पीठ ढवळा. डाव उभा राहील इतकी घट्ट लापशी काही मिनिटांत ओघळायला लागते. मोडातलं अमायलेज हे विकर स्टार्चच्या साखळ्या कापत असतं आणि त्यातून साखर तयार होत असते. हे मला दर वेळी बघत उभं राहावंसं वाटतं.

मग आंबलेली पेंड पिळून, या लापशीत बेताचा रवा घालून गोळ्या वळाव्यात. अंड्यात मळून एक-दोन मिनिटं उकळल्या तर त्या 'बॉयली' होतात: अंड्यातली प्रथिनं गोठून वर साल धरते आणि चिलापीसारखे छोटे मासे त्या कुरतडू शकत नाहीत. रात्रभर बसणाऱ्याला त्या उत्तम. दोन-तीन तासच हाताशी असतील तर मात्र मऊ गोळीच बरी, कारण ती लवकर पाझरते. खात्री करायची तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन एक गोळी सोडा. दहा मिनिटांत तिच्याभोवती धूसर वलय दिसलं पाहिजे आणि गोळी मात्र अखंड राहिली पाहिजे.

दोन गोष्टींत हयगय नको. सोयाबीन किंवा हरभरे कच्चे वापरू नका. त्यांतले काही घटक ट्रिप्सिन हे पाचक विकर अडवतात आणि जठर नसलेल्या माशाची प्रथिनं पचवण्याची भिस्त मुख्यतः त्याच्यावर असते. भिजवून, नीट उकळलं की तो धोका टळतो. दुसरं, बुरशी आलेली पेंड सरळ फेकून द्या. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. उकळून हे विष जात नाही.

वेळही विचार करून निवडावी. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू वापरतात, म्हणून उन्हाळ्यात उथळ, शेवाळलेल्या काठाला पहाटे तो सर्वांत कमी असतो. वारा जिथे लाटा आणून आपटतो तो काठ तेव्हा बरा. डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्यामुळे माशाचं पचनच मंदावतं. अशा वेळी पहाटेची झोप मोडण्यापेक्षा दुपारी जावं आणि चारा मूठभरच टाकावा.

जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी परवानगी विचारा. खडकवासल्याचं पाणी तर शहर पितं. उरलेला चारा काठावरून पाण्यात ओतला तर तो कुजताना तोच प्राणवायू खातो. डबा बंद करून घरी आणा, कुंड्यांना त्याचं चांगलं खत होतं.