लीलावती भास्कराचार्यांची मुलगी होती म्हणे

गेल्या पावसाळ्यात बहिणीकडे होतो. चाळीसगाव तालुक्यातलं गिरणाकाठचं गाव. भाची दहावीत, इंग्रजीच्या व्याकरणाला वैतागलेली. ‘पीपल से’ने सुरू होणारं वाक्य ‘इट इज सेड दॅट’ने सुरू करा, असा प्रश्न होता. तिची सहल नुकतीच पाटणादेवीला, बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्याशी जोडलेल्या जागी, जाऊन आली होती, म्हणून मी तिला तिथलंच वाक्य दिलं : लोक म्हणतात की लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती. तिनं झटक्यात लिहिलं, ‘इट इज सेड दॅट लीलावती वॉज भास्कराज डॉटर.’ बरोबर. मग पेन्सिल चावत म्हणाली, “मामा, यातले लोक गेले कुठे? आणि हा ‘इट’ कोण?”

तेवढ्यात ओट्यावरून तिच्या आजीचा आवाज आला, “गिरनाले पूर ऊना म्हने.”

गिरणेला पूर आला म्हणे, हे आजीला कोणी सांगितलं? तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्या एका ‘म्हने’त सगळं आलं होतं : मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, खोटं निघालं तर मला धरू नका. एवढ्याच कामाला इंग्रजीला चार शब्द लागतात, आणि त्यातला पहिला तर कोणीच नसतो.

हा ‘कोणीच नाही’ समजायला एसटी स्टँडवर जायला हवं. गाडी लागली की चपळ माणूस खिडकीतून रुमाल टाकतो. जागा धरली जाते, आणि खरा बसणारा बोचकी-पिशव्या घेऊन मागून सावकाश चढतो. इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधीची जागा रिकामी ठेवता येत नाही. आपण ‘म्हणतात’ एवढं म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत नुसतं ‘इज सेड’ चालत नाही. म्हणून ‘इट’चा रुमाल टाकायचा. ‘दॅट’ने सुरू होणारं लांबलचक उपवाक्य हा खरा प्रवासी, आणि त्याचं सामान जड असल्यामुळे तो शेवटी येतो. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी या ‘इट’ला ‘पूर्वतयारीचा इट’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. पाऊस पडताना इंग्रज ‘इट इज रेनिंग’ म्हणतो तो ‘इट’ मात्र वेगळा. तिथे रुमाल आहे, पण मागून कोणीच चढत नाही.

गंमत म्हणजे, ‘से’ हे क्रियापद असलं तर खरा प्रवासी त्या जागेवर कधीच बसू शकत नाही. ‘दॅट लीलावती वॉज हिज डॉटर इज सेड’ असं कोणी इंग्रज बोलणार नाही. त्याऐवजी एक वेगळाच प्रकार होतो. उपवाक्यातली लीलावती एकटीच उठून पुढे येते आणि रुमाल बाजूला करून बसते : ‘लीलावती इज सेड टू हॅव बीन हिज डॉटर.’ मराठीत हे शब्दशः आणायला गेलं तर ‘लीलावती म्हटली जाते’ असं काहीतरी तोंडात येतं आणि जीभ अडखळते. बरं, ही सवलत इंग्रजीत सगळ्या क्रियापदांना नाही. ‘इट इज होप्ड दॅट’ चालतं, पण ‘ही इज होप्ड टू’ चालत नाही. ‘रूमर’ हे क्रियापद तर आज बहुतेक कर्मणीतच जगतं : ‘इट इज रूमर्ड’ आहे, ‘दे रूमर’ जवळजवळ नाहीच.

इंग्रजीला हा रुमाल कायमच इतका लागत होता असं नाही. जुन्या इंग्रजीत ‘मान’ असं एक सर्वनाम होतं, अर्थ ‘कोणीतरी, माणसं’. जर्मनमध्ये ते अजून आहे, ‘मान झाक्ट’ म्हणजे ‘म्हणतात’. फ्रेंच लोक त्या जागी ‘ऑं’ वापरतात. इंग्रजीतलं ‘मान’ झिजत झिजत ‘मे’ झालं आणि पंधराव्या शतकाच्या आसपास संपलं. कर्ता न सांगता बोलायची सोपी वाट बंद झाली. इंग्रजीत कर्मणी रचना एवढ्या माजल्या त्याचं एक कारण भाषेचे अभ्यासक यात पाहतात.

आपल्याकडे रुमाल नाही का? आहे, पण तो वेगळ्या सीटवर पडतो. ‘असं म्हणतात की…’ यातलं ‘असं’ पाहा. ते पुढे येणाऱ्या वाक्याची जागा धरतं, पण कर्त्याची नाही, म्हटलेल्या गोष्टीची. कर्त्याची जागा सरळ मोकळी. आणि ‘की’ हा पाहुणा आहे, फारसीतून आलेला. तो नसताना क्रम उलटा होतो : ‘लीलावती त्यांची मुलगी होती, असं म्हणतात.’ इथे सामान आधी चढलं, ‘असं’ नंतर मागे बोट दाखवतं. मला विचाराल तर बोलण्यात हाच क्रम जास्त मराठी वाटतो. अनेकवचनी क्रियापदामागे लोकांना लपवायची युक्तीही जुनी आहे. ‘किंवदंती’ हा शब्द फोडून पाहा : किम्, वदन्ति. त्याच्या पोटात ‘म्हणतात’ बसलेलंच आहे.

‘म्हणे’ची गोष्ट याहून रंजक. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ यात ‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणतो’, आणि म्हणणारा छातीठोकपणे शेजारी उभा आहे. तेच रूप पुढे एकटं सुटलं, त्याचा कर्ता गळला, आणि ते वाक्यात कुठेही चिकटणारं अव्यय झालं. जो शब्द बोलणाऱ्याची सही होता तोच आज ‘सही माझी नाही’ हे सांगायला वापरतात.

ही ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ वेगळं ठेवायची सोय जगातल्या कित्येक भाषांच्या व्याकरणातच आहे. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या तुयुका भाषेत क्रियापदाला प्रत्यय लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि तो प्रत्यय सांगतो की तुम्ही पाहिलंत, इतर इंद्रियांनी जाणलंत, खुणांवरून ओळखलंत, दुसऱ्याकडून ऐकलंत की नुसतं गृहीत धरलंत. असे पाच प्रकार. पण त्यासाठी इतक्या लांब कशाला जा? पाणिनीचं सूत्र आहे, ‘परोक्षे लिट्’. जे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलं त्यासाठी भूतकाळाचं वेगळं रूप. मग स्वतःबद्दल बोलताना ते रूप वापरता येईल का? स्वतःचं स्वतःच्या डोळ्यांआड काय घडणार? टीकाकारांनी उदाहरण शोधलं : ‘सुप्तोऽहं किल विललाप’, म्हणजे ‘झोपेत मी बडबडलो म्हणे’. त्यातलं ‘किल’ हे आपल्या ‘म्हणे’चंच काम करतंय. आजही सकाळी चहा पिताना आपण हेच वाक्य बोलतो.

मात्र चवीत फरक आहे. ‘इट इज सेड’ थंड आहे, कोट-टाय घातलेलं. ‘म्हणे’त भुवई किंचित उचललेली असते. ‘पगार वाढणार म्हणे’ यात जो अविश्वास आहे तो ‘पगार वाढेल असे म्हटले जाते’ यात येत नाही. ‘म्हटले जाते’ ही ‘जाणे’ लावून केलेली रचना आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘नवीन कर्मणी’ म्हणून येते, इंग्रजीच्या सावलीत वाढलेली. मला ती आवडत नाही, पण सरकारी पत्राला तीच शोभते, किंवा तिची चुलत बहीण : ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’. विज्ञानाच्या बातम्यांत ‘असे आढळून आले आहे’ दिसलं की मी थांबतो. कोणाला आढळलं? किती जणांवर? इंग्रजी विकिपीडियावर अशा वाक्याशेजारी संपादक चौकटी कंसात ‘कोणी?’ असा बारीक प्रश्न टाकून जातात. आपल्या वर्तमानपत्रांना ते परवडायचं नाही, निम्मं पान कंसांनी भरेल.

पुन्हा लीलावतीकडे. ‘लीलावती’ हे भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाचंही नाव. ग्रंथ ११५० चा. त्यात भास्कराचार्य गणित घालताना कुठे ‘बाले’ म्हणतात, कुठे ‘सखे’, कुठे चक्क ‘कान्ते’. मुलगी, घटिकापात्रात (वेळ मोजायच्या पाण्याच्या भांड्यात) पडलेला मोती, तिच्या लग्नाचा हुकलेला मुहूर्त, ही सगळी कथा येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरात, १५८७ साली. मध्ये ४३७ वर्षं. इतक्या अंतरावरच्या गोष्टीला ‘म्हणे’ लावायलाच हवं.

उलट पाटण्याचा शिलालेख पाहा, भाची सहलीला गेली त्याच भागातला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. शके ११२८, म्हणजे १२०७ च्या सुमारास. कोण, कोणाचा, काय दिलं, सगळं दगडावर. लेखाचा मुख्य भाग संस्कृत, शेवटचा मराठी, बाजारातल्या कोणत्या मालावरचं उत्पन्न मठाला द्यायचं याचा तपशील. त्यात शब्द येतो ‘दीन्हला’, म्हणजे दिला. हे वाचून भाची म्हणाली, “इथे देणाऱ्याचं नावच नाही.” खरंय, पण ते त्याच दगडावर आधी येऊन गेलंय. आणि मराठीला भूतकाळात वेगळी कर्मणी करावी लागत नाही. ‘दिला’ हे क्रियापद दिलेल्या वस्तूमागे चालतं, देणारा गाळला तरी वाक्य उभं राहतं. ‘इट’ नको, ‘इज’ नको. तिला हे फार आवडलं, मार्क मिळणार नसले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी शेजारणींबरोबर नदीवर जाऊन आली. ओट्यावर चिखलाचे पाय धुता धुता म्हणाली, “गिरनाले पूर ऊना.”